तान्ह्या बाळासह डिस्ने वर्ल्ड: बेबी केअर सेंटर अव्वल, भाड्याची बाबागाडी नापास

फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बाळाला फुकट आहे. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत तिकीट नाही, हॉटेलच्या खोलीत पाळण्यातलं बाळ डोक्यांच्या मोजणीत धरत नाहीत आणि बुफेत त्याच्या ताटाचे पैसे पडत नाहीत. त्यामुळे 'तीनच्या आत उरकून घेऊ' असा हिशेब बरेच जण मांडतात. पैशांपुरता तो बरोबरच आहे. पण वाचलेल्या तिकिटाची वसुली मोठ्यांच्या पाठीतून आणि झोपेतून होते. ती किती होणार हे राइड्सवर ठरत नाही, चार सोयींवर ठरतं: बेबी केअर सेंटर, रायडर स्विच (पालकांनी आळीपाळीनं राइडवर बसण्याची सोय), बाबागाडी आणि पार्कपर्यंतची वाहतूक. हे परीक्षण त्या चारांचं, आणि मुख्यतः वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाच्या दृष्टीनं.

आधी जागेचा अंदाज घ्यावा. हा सगळा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यात चार वेगवेगळे पार्क आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). एकातून दुसऱ्यात चालत जाणं बहुतेक ठिकाणी शक्यच नसतं. 'बाळ कुरकुरलं की हॉटेलवर परत येऊ' हे बोलायला सोपं आहे. राइडपासून दारापर्यंतची चाल, बसची वाट, बसचा प्रवास आणि खोलीपर्यंतची चाल धरली तर एका फेरीत तास सहज जातो. म्हणून दिवसभराची सोय पार्कातच लावायची. ती लागते, आणि चांगली लागते.

बेबी केअर सेंटर

चारही पार्कांत एकेक बेबी केअर सेंटर आहे. पैसे लागत नाहीत. आत दूध पाजायला वेगळ्या शांत खोल्या आणि त्यांत झुलत्या खुर्च्या, डायपर बदलायची टेबलं, उंच खुर्च्या मांडलेली भरवायची जागा, सिंक-मायक्रोवेव्ह-ओव्हन असलेलं छोटं स्वयंपाकघर आणि एक चिमुकलं दुकान असतं. दुकानात डायपर, वाइप्स, फॉर्म्युला (बाळाचं डब्याचं दूध), बाळाचं तयार खाणं अशा अडीनडीच्या वस्तू मिळतात. भाव बाहेरच्यापेक्षा चढे असतात, त्यामुळे दिवसभराचा साठा इथून घेण्यात अर्थ नाही. पण पिशवीतला शेवटचा डायपर दुपारी तीनला संपला तर दिवस मोडत नाही, आणि दुकानाचं काम तेवढंच आहे.

या सगळ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथला गारवा आणि शांतता. तीन-चार महिन्यांनंतर बाळ दूध पिताना आजूबाजूला बघायला लागतं. बँडचा आवाज आला की तोंड काढून मान वळवतं, अर्धपोटी राहतं आणि तासाभरात पुन्हा रडतं. बाकावर बसून पाजण्यात कायद्याची अडचण काहीच नाही. सार्वजनिक जागी अंगावर पाजण्याचा हक्क कायद्यात लिहिणारं फ्लोरिडा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, १९९३ सालचं. पण बाळाचं लक्ष विचलित होण्यावर कायद्याचा इलाज नाही. दिवसातून किमान दोन वेळा, एकदा अकराच्या आसपास आणि एकदा तीन-चारच्या मधे, सेंटरमध्ये बसून पोटभर पाजलं तर बाकीच्या वेळी इकडेतिकडे उरकलेलं चालून जातं.

हे पाळणाघर नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं. बाळाला तिथे सोपवून राइडला जाता येत नाही. मोठं माणूस सोबत हवंच.

सेंटर कुठे आहे यावर त्याचा उपयोग ठरतो, आणि इथे चारही पार्क सारखे नाहीत. मॅजिक किंगडमचं सेंटर मेन स्ट्रीट या प्रवेशाच्या रस्त्याच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस या रेस्टॉरंटला लागून आहे, म्हणजे जवळपास पार्कच्या मधोमध. प्रथमोपचार केंद्रही तिथेच. क्रिस्टल पॅलेसमधलं जेवण बुफे आहे, तेव्हा जेवणाचं आरक्षण तिथलं घेतलं की भरवणं, डायपर आणि दूध ही तिन्ही कामं पन्नास पावलांच्या आत होतात. आरक्षण करताना बाळाला माणसांच्या संख्येत धरायला विसरू नये. त्याचे पैसे पडत नसले तरी टेबलाशी जागा लागते.

अ‍ॅनिमल किंगडमचं सेंटर डिस्कव्हरी आयलंडवर, क्रिएचर कम्फर्ट्स या कॉफीच्या दुकानाजवळ आहे. तेही मध्यावर, सोयीचं. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये ते थेट प्रवेशद्वाराशी आहे आणि गर्दी खेचणारे टॉय स्टोरी लँड व गॅलेक्सीज एज हे दोन भाग पार मागे. तिथून सेंटरला यायचं म्हणजे अख्खा पार्क ओलांडायचा. तेव्हा तिथे आत शिरतानाच एक डायपर आणि एक दूध उरकून घ्यावं, मग मागे जावं.

सगळ्यात फसवतं ते एपकॉट. सेंटर ओडिसी इमारतीत आहे, टेस्ट ट्रॅक ही राइड आणि मेक्सिकोचं दालन यांच्या मधे. मागच्या तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि तो फेरा सुमारे १.९ किलोमीटरचा भरतो. हवेतल्या पाळण्यांतून, म्हणजे स्कायलायनरनं येणारे लोक मागच्या दारानं फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या मधे उतरतात. तिथून सेंटर जवळ नाही. बाळाची दुधाची वेळ होत आली असेल तर स्कायलायनरमध्ये चढण्याआधीच पाजून घ्यावं. आत आल्यावर 'दहा मिनिटांत पोचू' म्हणून निघालेल्यांना फ्रान्सच्या पुलावरच थांबावं लागतं.

सेंटरमधल्या मायक्रोवेव्हबद्दल एक खबरदारी. त्यात दुधाची बाटली गरम करू नये. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत मधेच चटका बसेल इतका गरम भाग राहतो. त्याऐवजी कपात गरम पाणी घ्यावं, बाटली त्यात चार-पाच मिनिटं उभी ठेवावी, हलवून मनगटावर थेंब टाकून बघावा. मायक्रोवेव्ह मोठ्या बाळाच्या डाळ-भाज्यांसारख्या घट्ट खाण्यासाठी ठीक, तोही नीट ढवळून.

दुधाचं घड्याळ या उन्हात सैल सोडून चालत नाही. कालवलेला फॉर्म्युला दोन तासांत संपवायचा. बाळाच्या तोंडाला बाटली लागली की तासाभरात, आणि उरलेला फेकायचा. पंप केलेलं ताजं दूध सुमारे २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण बाबागाडीच्या खालच्या टोपलीत तापमान २५ अंश नसतं. बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत ते २४ तास राहतं. सुटा बर्फ आणि ड्राय आइस २०१९ पासून पार्कात न्यायला बंदी आहे, तेव्हा गोठवलेले बंद पॅकच घ्यावेत. काचेच्या वस्तूंना मनाई आहे, पण बाळाच्या खाण्याच्या काचेच्या बरण्यांना सूट आहे. फॉर्म्युला पावडर मोजून कप्प्यांच्या डब्यात भरून नेणं सगळ्यात सुटसुटीत. दहा तासांच्या दिवसाला चार कप्पे आणि एक राखीव. वजन उचलायची तयारी असेल तर तयार द्रव फॉर्म्युलाच्या छोट्या बाटल्या त्याहून निर्धोक, कारण उघडेपर्यंत त्यांना गारवा लागत नाही.

डायपरचा हिशेब: दर दीड तासाला एक, वर दोन. म्हणजे दहा तासांना आठ-नऊ. कपड्यांचे दोन जोड बाळाला, आणि एक सुती टी-शर्ट उचलून घेणाऱ्या मोठ्या माणसाला. शेवटची वस्तू बहुतेक याद्यांत नसते आणि बहुतेक वेळा तीच लागते.

रायडर स्विच

ही सोय मोफत आहे आणि तिच्याबद्दल गैरसमज भरपूर. उंचीची अट असलेल्या राइडवर दोघांनाही बसायचं असेल तर एकानं आधी जायचं, दुसऱ्यानं बाळाला सांभाळायचं. पहिला परत आला की दुसरा मोठी रांग टाळून लायटनिंग लेन या छोट्या रांगेच्या दारानं आत जातो. त्यासाठी सगळ्यांनी मिळून, बाळासकट, राइडच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याकडे जायचं आणि 'रायडर स्विच' म्हणायचं. तो तिकिटं किंवा मॅजिक बँड (तिकिटाचं काम करणारे मनगटी पट्टे) स्कॅन करतो. इथेच लोक चुकतात. बाळ आणि एक जण सावलीत बसलेले, दुसरा एकटा रांगेत शिरतो आणि बाहेर आल्यावर विचारतो. तेव्हा उशीर झालेला असतो. नोंद आधीच व्हायला हवी, आणि बाळ समोर दिसायला हवं.

दुसरा गैरसमज, की रांग कुणालाच लावावी लागत नाही. पहिल्या गटाला आपली रांग पूर्ण लावायचीच असते. तासाची रांग असेल तर थांबणाऱ्याकडे एक तास बाळ आणि पिशव्या. म्हणून रायडर स्विचची वेळ बाळाच्या झोपेला जोडावी. बाळ नुकतं झोपलंय, बाबागाडी सावलीत लावलीय, अशा वेळी पहिल्यानं रांगेत जायचं. झोपेतून उठायच्या सुमाराला अदलाबदल होते आणि दुसऱ्याची पाळी पटकन संपते, म्हणजे जाग्या बाळासोबत एकट्यानं काढायचा वेळ कमी. उलट केलं तर बाळ जागं, वाट बघणारा दमलेला आणि राइड संपेपर्यंत दोघंही रडकुंडीला.

तुलनेला म्हणून: त्याच शहरातल्या युनिव्हर्सलच्या पार्कांत चाइल्ड स्वॅप नावाची पद्धत आहे. तिथे अख्खं कुटुंब एकत्र रांगेतून पुढे जातं आणि राइडजवळच्या खोलीत बाळासह थांबतं. रांगेत बाळाला घ्यावं लागतं हा तोटा. पण ताटातूट होत नाही आणि बसायला खोली मिळते. तान्ह्या बाळाला डिस्नेची पद्धत बरी, कारण त्याला रांगेत उभंच राहावं लागत नाही. रांगणाऱ्या, चुळबुळ्या बाळाला युनिव्हर्सलची.

मोठं भावंड असेल तर उंचीचा आकडा घरीच मोजून घ्यावा. स्लिंकी डॉग डॅश आणि सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन यांना ९७ सेंटिमीटर लागतात, स्पेस माउंटन आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२, ट्रॉनला १२२. मोजपट्टी दारातच असते आणि एका सेंटिमीटरचीही सूट मिळत नाही.

भाड्याची बाबागाडी

पार्काच्या दाराशी भाड्यानं मिळणारी बाबागाडी तान्ह्या बाळासाठी घेऊ नये. ती कडक प्लास्टिकची आहे, पाठ मागे झुकत नाही, बाळाच्या डोक्याला बाजूंचा आधार नाही. ती धावून दमलेल्या चार वर्षांच्या मुलासाठी बनवलेली आहे आणि त्याला ती छान चालते. मान धरू न शकणाऱ्या बाळाला तिच्यात ठेवलं की ते खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते, आणि तान्ह्या बाळाच्या श्वासाला ही बसण्याची तऱ्हा घातक असते. दुपट्याच्या गुंडाळ्या ठासून त्यावर मार्ग निघत नाही. शिवाय ही गाडी पार्काच्या दाराबाहेर नेता येत नाही. रात्री दमलेल्या पायांनी, झोपलेलं बाळ खांद्यावर टाकून बसपर्यंत चालायचं, आणि नेमकी तेव्हाच गाडीची सगळ्यात जास्त गरज असते.

स्वतःची आणावी, किंवा हॉटेलवर पोचवणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून पूर्ण झुकणारी घ्यावी. बाहेरच्या कंपनीकडून घेताना गाडी हॉटेलवर ठेवून जातात की ताब्यात घ्यायला स्वतः हजर राहावं लागतं, हे आधी विचारून घ्यावं. नाहीतर पहिली सकाळ लॉबीत जाते. मापाची मर्यादा: रुंदी ७९ सेंटिमीटर, लांबी १३२ सेंटिमीटर. ओढायच्या वॅगनसारख्या गाड्यांना १ मे २०१९ पासून बंदी आहे, त्या मापात बसत असल्या तरी. नेहमीची एका बाळाची कुठलीही गाडी या मापात आरामात बसते. जुळ्यांची शेजारी-शेजारी आसनांची असेल तर रुंदी मोजून बघावी.

चांगली गाडी निवडताना इथे तीन गोष्टी बघायच्या. पाठ जवळपास आडवी झुकते का. छत्री बाळाच्या गुडघ्यांपर्यंत येते का. आणि बाळ एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं घडी होते का. तिसरी गोष्ट दुकानात करून बघावी, खालची टोपली भरलेली असताना. टोपली भरली की बहुतेक गाड्यांची घडी होत नाही. सामान सुटं न ठेवता एकाच पिशवीत ठेवलं तर ती उचलली की गाडी मोकळी. चाकांचंही बघावं: अ‍ॅनिमल किंगडमचे रस्ते मुद्दाम खडबडीत, पायवाटेसारखे केलेत आणि छोट्या कडक चाकांची गाडी त्यावर अशी थडथडते की झोपलेलं बाळ जागं होतंच.

राइडजवळ गाडी ठरलेल्या जागीच लावायची असते, आणि कर्मचारी ती हलवतात. जागा करायची म्हणून सगळ्या गाड्या सरकवून नीट ओळीत लावतात. म्हणून बाहेर आल्यावर गाडी लावली होती तिथे नसली की चोरी झाली असं वाटून घाबरू नये, दहा-पंधरा फुटांवर असते. चाकाला कुलूप लावू नये, हलवता येत नाही म्हणून सगळ्यांचीच पंचाईत. दांड्याला भडक रंगाचं कापड बांधावं, कारण काळ्या-करड्या गाड्यांच्या समुद्रात आपली ओळखणं कठीण. पासपोर्ट, फोन, औषधं अंगावर; गाडीत फक्त डायपरची पिशवी. आणि पावसाचं प्लास्टिकचं आवरण गाडी लावतानाच चढवावं, आभाळ निरभ्र असलं तरी. जून ते सप्टेंबरमध्ये दुपारची वादळी सर इथे जवळपास रोजची.

बेबी कॅरिअर गाडीच्या जागी नाही, जोडीला हवं. रांगांत गाडी नेता येत नाही, तिथे कॅरिअरच. पण पोटाशी बांधलेलं बाळ आणि बांधणारा दोघंही एकमेकांना तापवतात. जाळीच्या कापडाचं घ्यावं, वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर काढून हवा लागू द्यावी. राइडवर चढताना बाळ कॅरिअरमधून काढून मांडीवर घ्यायला सांगतात की तसंच बसू देतात हे त्या राइडच्या आसनावर ठरतं. कर्मचारी सांगेल ते करावं, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

वाहतूक

बस सगळ्यात त्रासाची. चढण्याआधी बाबागाडीची घडी करावीच लागते आणि बसमध्ये सीटबेल्ट नसतात. बाळ, घडी केलेली गाडी, पिशवी: तीन वस्तू आणि एकटं माणूस असेल तर हात दोन. बसस्टॉपवर रांगेत उभं राहतानाच बाळ कॅरिअरमध्ये बांधून, गाडी मोडून ठेवावी. बस समोर येऊन थांबल्यावर हे सुरू केलं की मागच्या शंभर लोकांच्या नजरा आणि घामानं निसटणारी क्लिप, दोन्ही एकदम.

मोनोरेल आणि फेरीबोट यांत बाबागाडी उघडीच नेता येते. स्कायलायनरमध्येही मर्यादेतली गाडी बाळासकट आत ढकलता येते. त्याला वातानुकूलन नाही. चालू असताना वारा खेळतो आणि बरं वाटतं, थांबला की उकडतं. विजा चमकू लागल्या की तो बंद होतो, म्हणजे नेमक्या दुपारच्या सरीच्या वेळी. उन्हाळ्यात स्कायलायनरच्या भरवशावर तीन ते पाचच्या मधला परतीचा बेत आखू नये.

स्वतःच्या मोटारीनं मॅजिक किंगडमला जाणाऱ्यांना आणखी एक टप्पा लागतो. पार्किंग पार्काच्या दारात नाही, तळ्यापलीकडे आहे, आणि तिथून मोनोरेल किंवा फेरी घ्यावी लागते. बाकीच्या तीन पार्कांत गाडीतून उतरून सरळ दार. टॅक्सी किंवा अ‍ॅपवरची गाडी घेणार असाल तर बाळाची कार सीट आपली न्यावी. फ्लोरिडात तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला वेगळी कार सीट हवी असा कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या वयाला हायवेवर मांडी ही जागा नाही.

ऊन

जुलै-ऑगस्टमध्ये पारा रोज ३३ अंशांच्या आसपास जातो आणि दमटपणामुळे घाम वाळत नाही. बाळाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. बाबागाडीच्या छत्रीवरून पातळ दुपटं टाकून सावली करणं हा सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत चुकीचा उपाय आहे. दुपटं पातळ असलं तरी आतली हवा कोंडते आणि आतलं तापमान बाहेरच्याहून चढतं. जाळीची सावली, दोन्ही बाजू उघड्या, आणि बंद पात्यांचा बॅटरीवरचा पंखा दांड्याला. बोट जाईल अशा उघड्या पात्यांचा पंखा नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी पाजायचं नसतं. दुधाच्या पाळ्या वाढवायच्या. त्या वयात सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि रुंद कडेचं टोपडं. मोठ्यांसाठी बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं ते मागत राहावं.

दिवसाला सहापेक्षा कमी ओले डायपर, कोरडं तोंड, अश्रू न येणारं रडणं किंवा रडायचंच सोडून मलूल पडणं: यांतलं काही दिसलं तर राइड-बिईड सोडून थेट प्रथमोपचार केंद्र गाठावं. शांत झालेलं बाळ म्हणजे सुखी बाळ असा समज उन्हात धोक्याचा.

पर्याय असेल तर डिसेंबर-जानेवारीतल्या सुट्ट्यांचे आठवडे टाळून हिवाळ्यातले दिवस घ्यावेत. नाहीतर दिवसाची रचना बदलावी. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी आत सोडतात. बाळ नसलेल्या पाहुण्यांना या सवलतीचा फायदा घ्यायला पहाटेचा गजर लागतो. बाळवाल्यांना तो घरबसल्या मिळतो.

कुठला पार्क, काय बघायला

मॅजिक किंगडम, निर्विवाद. इट्स अ स्मॉल वर्ल्ड, विनी द पू, पीटर पॅन्स फ्लाइट, डम्बो, लिटिल मरमेड, कॅरोसेल, जंगल क्रूझ, पीपलमूव्हर: कशालाच उंचीची अट नाही, बाळ मांडीवर घेऊन बसता येतं. पीपलमूव्हर विशेष. मंद चाल, वारा, छप्पर, आणि बाळाला डोळा लागतो. पायरेट्स ऑफ द कॅरिबियनमध्ये अंधारात एक छोटी घसरण आणि तोफांचे आवाज आहेत. हॉन्टेड मॅन्शन अंधाराचं. सहा महिन्यांचं बाळ दोन्हीत झोपून जातं, दीड वर्षाचं घाबरतं.

एपकॉट दुसऱ्या नंबरावर. द सीज विथ निमोच्या पुढची प्रचंड मत्स्यालयं हे बाळासाठी या अख्ख्या परिसरातलं सगळ्यात चांगलं अर्ध्या तासाचं ठिकाण: गार, निळं, हलणारं आणि गाडीसकट फिरण्याजोगं. लिव्हिंग विथ द लँड ही संथ बोट त्याच्या शेजारीच. अ‍ॅनिमल किंगडममधली किलिमंजारो सफारी बाळाला चालते, पण वाहन गचके देतं. मान स्थिर नसेल तर ती वगळावी. तिथे प्राण्यांमुळे आतषबाजी होत नाही, ही संध्याकाळ शांत हवी असणाऱ्यांना मोठीच सोय. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये उंचीची अट नसलेल्या मोठ्या राइड्स दोनच, टॉय स्टोरी मेनिया आणि मिकी अँड मिनीज रनअवे रेल्वे. दिवस कमी असतील तर हा पार्क गाळावा.

मिकीसारख्या मुखवट्यातल्या पात्रांपाशी आठ-नऊ महिन्यांनंतरचं बाळ हमखास भोकाड पसरतं. त्याला थेट पात्राच्या हातात देऊ नये. पाठ पात्राकडे आणि तोंड आईकडे, मग हळूच बाजूनं दाखवावं. फोटोत बाळ हसत नसलं तरी चालतं.

आतषबाजीच्या वेळी कानांवर बसणारे बाळाच्या मापाचे मफ घालावेत, कानात घालायचे बोळे नकोत. ते निघून तोंडात जातात. मेन स्ट्रीटवर त्या वेळी गाडी पुढेही जात नाही, मागेही येत नाही. तळ्यापलीकडच्या फेरीच्या धक्क्यावरून तेच आकाश दिसतं, आवाज निम्मा, आणि माघारी फिरायला वाट मोकळी.

खोली

डिस्नेच्या हॉटेलांत घडीचा पाळणा मागितला की फुकट मिळतो. आरक्षणातच नोंदवावा आणि आल्यावर गादी सपाट, घट्ट बसते का बघावं. वरून उशी-पांघरूण काही घालू नये. खोलीत छोटा फ्रिज असतो. स्वस्त वर्गातल्या हॉटेलांत खोलीत मायक्रोवेव्ह नसतो, खालच्या फूड कोर्टात असतो. बाटल्या निर्जंतुक करायला मायक्रोवेव्हची पिशवी आणली असेल तर रात्री बाराला खाली जावं लागेल, त्याऐवजी थंड पाण्यात टाकायच्या गोळ्या बऱ्या. काही खोल्यांत टब नाही, फक्त शॉवर आहे. बाळाला अंघोळ घालायची म्हणून टबाची खोली हवी असं आधीच सांगावं.

हॉटेल निवडायला पैशांची मुभा असेल तर पोहण्याचा तलाव आणि सजावट यांच्याआधी एक गोष्ट बघावी: मॅजिक किंगडमपासून तिथपर्यंत बाबागाडी न मोडता जाता येतं का. कंटेम्पररी हॉटेलला पायवाट आहे, दहा मिनिटांची. ग्रँड फ्लोरिडियनलाही पायवाट आहे, जरा लांबची. पॉलिनेशियनला मोनोरेल. रात्री साडेनऊला गाडीत झोपलेलं बाळ या तीन ठिकाणी झोपलेलंच खोलीत पोचतं. बसच्या मार्गावरच्या हॉटेलला जाताना त्याला उठवून, गाडी मोडून, दिव्यांच्या झगमगाटात मांडीवर घ्यावं लागतं, आणि मग पुन्हा झोपवायला किती वेळ लागतो हे ज्याचं बाळ त्याला ठाऊक.